शेजारची सीट

जुन्या अवजड गाड्यांच्या आवारात गिऱ्हाईक आलं की आधी टायरला लाथ मारतं. का मारायची ते कुणालाच ठाऊक नसतं, पण मारल्याशिवाय आपल्याला गाडीतलं काही कळतं असं समोरच्याला वाटत नाही. मग बॉनेट उघडायला लावायचं, आत तोंड घालून नुसतं 'हं' म्हणायचं, आणि शेवटी ड्रायव्हरच्या जागेवर बसून स्टिअरिंग धरायचं. आवाराच्या मालकाने आयुष्यभर हाच क्रम पाहिला होता. म्हणून त्या सकाळी आलेला माणूस टायरकडे न बघता सरळ गाडीच्या पलीकडे गेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि एक पाय काठीसारखा ताठ ठेवून वर चढायला लागला, तेव्हा मालक चहाचा कप हातात तसाच धरून उभा राहिला.

"पायाला काही झालंय का यांच्या?" त्याने बरोबर आलेल्या माणसाला हळूच विचारलं.

"घरून निघेपर्यंत तरी काही नव्हतं," तो म्हणाला. तो चढणाऱ्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बसच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे चार चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असे, आणि विचारायच्या आधीच ते तयार असे. पण या प्रकारावर त्याच्याकडेही मत नव्हतं. "भावोजी," तो ओरडला, "इंजिन पुढे असतं. तुम्ही काय शोधताय तिकडे?"

 वर चढून भावोजींनी सीट हाताने दाबून पाहिली, दाराच्या वरचं कडं धरून पाहिलं, आणि पुन्हा तोच पाय ताठ ठेवून उतरले. उतरताना तोंड वाकडं केलं. पुढच्या गाडीकडे गेले. तिथेही तेच.

या माणसाला लोक उपट्या म्हणत. उभी झाडं मुळांसकट उपटून दुसरीकडे नेऊन लावायची, हा त्याचा धंदा. रस्ता रुंद व्हायचा असतो, इमारत उठायची असते, मध्ये झाड येतं. झाडाच्या मालकाला ते तोडवत नाही, मग उपट्याला बोलावणं जातं. नाव ज्याने ठेवलं त्याला एवढंच ठाऊक नव्हतं, की उपटणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

त्याचा बाप झाडं तोडायचा. करवतीच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला हा, असं त्याचं बालपण पुढेमागे होत गेलं. त्याचं लग्न झालं त्या वर्षी एक म्हातारी अंगणातलं अंजिराचं झाड तोडू देईना. म्हणाली, घर पाडा, त्याचं मला काही नाही; हे मात्र लेकीच्या दारात नेऊन लावा. बाप हसला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला. हा तिथेच उभा राहिला. का राहिला ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. लाकडं वाहायचा एक ट्रेलर मागून आणला, भाड्याच्या गाडीला जोडला, झाडाच्या भोवती खणून मुळांची माती न सोडता तिचा मोठा गोळा गोणपाटात आवळून बांधला. या गोळ्याला ते पुढे गड्डा म्हणू लागले. अर्ध्या वाटेत एका खड्ड्यात गाडीने हिसका दिला आणि गड्ड्याला तडा गेला. बघायला म्हणून बरोबर आलेली नवी बायको गाडीतून उतरली, ट्रेलरवर चढली आणि दोन्ही हातांनी तो गड्डा कवटाळून बसली. म्हातारीच्या लेकीच्या दारापर्यंत तशीच. साडीची माती झाली, हातांना सुतळी काचली. झाड मात्र लागलं. पुढच्या हंगामात त्याला अंजीर आले, आणि म्हातारीने दोघांना बोलावून समोर बसून खायला लावले.

तेव्हापासून ती मागे बसते. ट्रेलरच्या कडेला एक बुटकी फळी, तिच्यावर ती; ओल्या गोणपाटाखाली तिचा तळवा गड्ड्यावर. मातीत आत कुठे काही हललं तर ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. हातापासून केबिनपर्यंत एक दोरी, दोरीच्या टोकाला झाकणाचा डबा. डबा एकदा वाजला की हळू, लागोपाठ वाजला की थांब. कारण झाड लगेच सांगत नाही. आतली बारीक मुळं तुटली तरी पानं हिरवीच राहतात, नव्या जागी लावल्यावरही चांगलं दिसतं, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. आणि मग एक दिवस ते मान टाकतं. माणसांचंही पुष्कळदा तसंच असतं, पण माणसांवर हात ठेवून बसायला कुणी नसतं.

इतकी वर्षं उपट्या पुढे आणि ती मागे. चेहरा झाडाआड जायचा. आरशात त्याला दिसायचा तो फक्त तिचा हात. त्या हातावरून त्याला रस्ता कळायचा, तिचा राग कळायचा, भूक लागलेली कळायची. आणि हल्ली त्या हातावरूनच त्याला कळलं होतं की काहीतरी बिनसलं आहे. हात मधेच गड्ड्यावरून निघायचा आणि ट्रेलरची कड घट्ट धरायचा. पोचल्यावर ती लगेच उतरायची नाही. काहीतरी बांधतेय, सोडतेय असं दाखवत तो पलीकडे जायची वाट बघायची. एकदा तो गेला असं समजून ती उतरली, गुडघा लटपटला, आणि चाकाला धरून ती बराच वेळ वाकून उभी राहिली. तो झाडाच्या बुंध्यामागे होता. 

रात्री त्याने विचारलं, "गुडघा दुखतो का गं?"

"माझा गुडघा माझ्याजवळ आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं जेवा."

म्हणजे दुखतो. आणि डॉक्टरकडे ती गुपचूप जाऊन आली होती, ते त्याला औषधाच्या वासावरून आधीच कळलं होतं.

त्याने विचार केला तो असा. ती मागे का बसते? आपली गाडी हिसके देते म्हणून. जुना ट्रक, क्लच झिजलेला. सोडताना कितीही जपा, तो ओढतो म्हणजे हिसडतो. हिसका न देणारी गाडी असेल तर गड्ड्यावर हात ठेवायला कुणी बसायला नको. इथवर विचार सरळ होता. पण मग ती कुठे? घरी? इथे येऊन त्याचा विचार अडला. ट्रेलरवर झाड आहे, आरशात ते झाड आहे, आणि हात नाही, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. मग त्याला शेजारची सीट आठवली. जुन्या ट्रकला ती होती, पण तिच्यावर कायम दोरखंड आणि गोणपाटाचा ढीग असे. ती माणसाने बसायची जागा आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तिला तो यातलं काहीही बोलला नाही. सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडी आधी घ्यायची, मग बघू.

"आहे त्या गाडीला काय धाड भरलीय?" तिने विचारलं. ती पालेभाजी निवडत होती आणि मान वर न करता विचारत होती, म्हणजे प्रश्न साधा नव्हता.

"जुनी झाली."

"मीही जुनी झाले."

"मी गाडीचं बोलतोय."

"मीही गाडीचंच बोलतेय."

यावर तो अंगणात निघून गेला. त्यातच त्याची चूक झाली, कारण मागून तिचा भाऊ आला आणि बहिणीला सगळा तमाशा रंगवून सांगून गेला. "ताई, भावोजी गाडीत चढतात ते शेजारच्या बाजूने. गादी मऊ आहे का ते चाचपतात. मालक मला विचारतो, साहेब ड्रायव्हर ठेवणार आहेत की काय?"

ताई हसली नाही. निवडलेली भाजी तिने पुन्हा निवडायला घेतली. गादी कुणासाठी? हे शेजारी बसणार आणि चालवायला कुणी पगारी माणूस? की हे चालवणार आणि शेजारी कुणीतरी तरणाताठा मदतनीस? कसंही केलं तरी हिशेबात एक माणूस जास्त होत होतं, आणि ते कोण ते तिला सांगायला नको होतं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "साहेब लोकांना भाकरी चालेल ना? का गादीवर बसून आणखी काही लागेल?"

आवारात त्याच्या मनात भरण्यासारख्या गाड्या तीनच निघाल्या.

लाल गाडी सिमेंट ओढत आलेली. इंजिन सुरू केलं की आवारातली कुत्री उठून जायची. मेहुणा तिच्या प्रेमातच पडला. "भावोजी, ही डोंगर ओढेल."

"डोंगर कशाला ओढायचा? आहे तिथे बरा आहे तो."

"अहो, म्हणजे ताकद. ट्रेलर ओढायचा म्हणजे ताकद नको?"

"ओढायला रेडाही ओढतो," उपट्या म्हणाला. "थांबवायचं कसं ते सांग."

हे त्याने फार वर्षांपूर्वी एका उतारावर शिकून घेतलं होतं. चढावर ट्रेलर तुमच्या मागे असतो. उतारावर तो तुमच्या पाठीवर असतो. ओढणारी गाडी हलकी आणि ओढायचं ते भारी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं झालं तर खाली जाताना कोण कुणाला नेतंय ते सांगता येत नाही. म्हणून तो गाडीचं स्वतःचं वजन विचारायचा. मागची आणि पुढची चाकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते पावलं टाकून बघायचा, कारण आखूड गाडीला लांब ट्रेलर शेपटीसारखा हलवतो. इंजिनानेच वेग धरून ठेवायची सोय आहे का, की सगळा भार बिचाऱ्या ब्रेकवर, ते विचारायचा. ट्रेलरचा पुढचा दांडा जिथे गाडीला जोडतात तिथे स्वतः उभा राहून उड्या मारायचा. तिथे भार फार आला तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि स्टिअरिंग हातात असूनही पाण्यात धरल्यासारखं लागतं. फार कमी आला तर ट्रेलर डोलायला लागतो. हे सगळं झालं की तो पलीकडे जाऊन पाय ताठ करून चढायचा. मालकाने आता विचारायचं सोडून दिलं होतं.

दुसरी गाडी आग विझवणाऱ्यांकडची. दणकट, देखणी, वर्षाचे कितीतरी दिवस नुसती सावलीत उभी राहिलेली. पण आखूड, आणि पायरी इतकी उंच की चढताना उपट्याच्या स्वतःच्या चांगल्या गुडघ्यानेही आवाज केला.

तिसरी राखाडी. तिच्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. ती काचा वाहायची, दुकानांच्या मोठमोठ्या सबंध काचा. हिला क्लच नव्हता. इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जाई, त्यामुळे निघताना ती निघाली असं वाटायचंच नाही.

"क्लच नसलेली गाडी म्हणजे दात नसलेला वाघ," मेहुणा म्हणाला.

"मला पिल्लू उचलून न्यायचंय," उपट्या म्हणाला. "दात कशाला हवेत?"

मालक म्हणाला, भरलेला ट्रेलर जोडून चालवून बघा, मग बोलू. आवारात सिमेंटचे ठोकळे होते, ते लादून देतो म्हणाला. पण ठोकळा तक्रार करत नाही. उपट्याने आपल्याच जागेतला एका वाळून गेलेल्या झाडाचा बुंधा गड्ड्यासकट काढला, नेहमीसारखा ओला करून आवळून बांधला, ट्रेलरवर ठेवला, आणि जुन्या ट्रकला जोडून आवारात आणला. येताना ती मागच्या फळीवर होती. त्याने नको म्हटलं होतं. ती म्हणाली, सगळे गाड्या बघताहेत, मीही बघते, ती गादी कुणाच्या नशिबात आहे ते.

आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की आपण किती वेडे आहोत. तिला ट्रेलरवरून उतरवण्यासाठी गाडी शोधायची. पण गाडी तशी आहे की नाही हे कळायला ट्रेलरवर तिचाच हात हवा. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते कळलं नसतं. त्याच्याही नाही.

लाल गाडीने आवाराच्या फाटकातून बाहेर पडतानाच असा हिसका दिला की डबा वाजला आणि वाजतच राहिला. उतरून बघितलं तर गड्ड्याच्या पोटावर बोट जाईल एवढी भेग. मेहुणा म्हणाला, सवयीने जमेल. ताई म्हणाली, सवय झाडाला होते की तुला? भेग लिंपून, पुन्हा आवळून दुसरी गाडी जोडली. आग विझवणारी निघाली छान, पण मोडक्या पुलाकडच्या उतारावर ट्रेलरने तिला मागून ढोसलं आणि उपट्याच्या कपाळावर घाम आला. डबा वाजायच्या आधीच तो थांबला.

मग राखाडी. तो फाटकातून बाहेर पडला. खराब रस्त्याचा तुकडा आला, गेला. वळण आलं. उतारावर तो फक्त पाय ब्रेकच्या जवळ ठेवून बसला आणि गाडीने स्वतःच स्वतःला धरून ठेवलं. डबा वाजला नाही. आरशात तिचा हात गड्ड्यावर होता, स्थिर. पाटावर ठेवलेल्या वाटीसारखा. परत येऊन त्याने गाडी उभी केली, ती उभी राहिली हे त्याला झाडांकडे बघून कळलं. तो उतरला तेव्हा त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

"तडा गेलाय," ती म्हणाली.

तो ट्रेलरजवळ आला. गोणपाट ताणलेलं होतं, सुतळी जिथल्या तिथे. त्याने हात फिरवला. गड्डा धड होता. बांधला त्यापेक्षा धड होता.

"कुठे?"

"इथे." तिने तळवा दाबून धरला होता. तळव्याखाली काही नव्हतं. तळवा मात्र ती उचलत नव्हती.

तिचा भाऊ वाकून बघत होता. त्यालाही दिसलं की तडा कुठेच नाही. त्याने तोंड उघडलं, भावोजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि मेहुण्याने आयुष्यात एकदा तरी आपलं मत गिळलं.

"हो," उपट्या म्हणाला. "गेलाय."

मालक कासावीस झाला. "असं कसं होईल? काचा वाहिल्यात हिने. जरा बघू."

"राहू द्या," उपट्या मधे उभा राहिला. "आमचं आम्हाला कळतं ते. विचार करून येतो."

परत निघताना तो तिला म्हणाला, पुढे बस. ती म्हणाली, मागे गड्डा आहे. तो म्हणाला, अगं, वाळलेलं खोड आहे ते. ती म्हणाली, वाळलं म्हणून काय टाकून द्यायचं? आणि मागेच बसली. सबंध रस्ता जुना ट्रक हिसडत राहिला आणि ती मागे दोन्ही हातांनी ते मेलेलं खोड धरून बसली.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मेहुणा आवारातूनच परस्पर गेला होता. उपट्याने ट्रक उभा केला, मागे आला. ती फळीवरून हलली नाही.

"उतर."

"उतरते. तुम्ही व्हा पुढे."

तो झाला नाही. ट्रेलरच्या कडेला टेकून उभा राहिला.  शेजारच्या भिंतीवर कुणीतरी चादरी झटकत होतं, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

"तडा गेला नव्हता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू म्हणालीस म्हणून."

तिने गोणपाटाचा एक धागा उपसला, बोटाला गुंडाळला. "हात ठेवून बसले होते. हाताला काही लागलंच नाही. सबंध रस्ता. नुसती बसले होते गाठोड्यासारखी." ती थांबली. "चांगली आहे ती गाडी. घ्या. मी घरी बसेन. तुमच्या त्या गादीवर कुणाला बसवायचं ते बसवा."

"तुला."

"काय मला?"

"गादीवर. तुला बसवायचंय."

तिने धागा गुंडाळायचा थांबवला.

"तुझ्या गुडघ्याने चढून बघितलं मी सगळ्या गाड्यांवर," तो म्हणाला. "त्या लाल गाडीत तू चढली असतीस, उतरली नसतीस. राखाडीला एक पायरी कमी पडते. ती मी करून घेईन."

"माझ्या गुडघ्याने?"

"म्हणजे माझाच, पण तुझ्यासारखा धरून."

"सगळ्यांसमोर?"

"मालक होता. आणि तुझा भाऊ."

"म्हणजे आता गावभर झालं," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हाताची माती गालाला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले ते तिने मातीच्याच हाताने पुसले, त्यामुळे आणखी माती झाली. "असं लंगडत? दाखवा."

"आता नाही."

"विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग दुसऱ्यांदा विचारायचं. नाही म्हटलं की तुम्ही अंगणात जाऊन उभे राहता."

 त्याने खांदा पुढे केला. तिने तो धरला, दुखरा पाय आधी खाली सोडला, मग दुसरा. उतरल्यावर तिने खांदा लगेच सोडला नाही. "आणि पुढे बसून मी करू काय?" तिने विचारलं. "तुमचं तोंड बघू?"

"बघ की. मी तरी तुझं कुठे बघितलंय. आरशात नुसता हात दिसतो."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आवारात गेली. मालकाने तिला बघून खुर्ची मागवली. "वहिनी, कालचा तो तडा?"

"मिटला."

"तडा मिटतो?"

"कधी कधी," ती म्हणाली आणि राखाडी गाडीकडे गेली. कड्याला धरून, दात आवळून चढली. गादीवर बसून तिने खिडकी खालीवर केली, मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला, आणि वरूनच हुकूम सोडले. माझ्या बाजूला वेगळा आरसा हवा, तो रस्त्यावर नाही, गड्ड्यावर लावायचा. मी म्हणेन तिथे गाडी थांबवायची, मग मागे कुणी कितीही हॉर्न वाजवो; प्रत्येक वेळी उतरून मी हात लावून बघणार. आणि या सीटवर दोरखंड दिसला तर तो तुमच्या गळ्यात. उपट्या खाली उभा राहून मान डोलवत होता. मालकाला आता कुठे त्या ताठ पायाचा उलगडा झाला. त्याने गाडी धुऊन द्यायला सांगितलं, जे तो कुणासाठीच सांगत नसे.

पहिलं काम तुतीचं होतं. एका शाळेच्या आवारातून नदीकाठच्या मोकळ्या जागेत न्यायची. जुनी, पसरलेली, मुलांनी चढून चढून फांद्या गुळगुळीत केलेली. क्रेनने ती ट्रेलरवर ठेवली, दोघांनी बांधली. ती नव्या पायरीवर पाय ठेवून चढली आणि शेजारी बसली.

 आरशात गड्डा होता, फळी होती, आणि फळीवर कुणी नव्हतं. ती पुन्हा पुन्हा तिकडे बघत होती, स्वतःलाच शोधत असल्यासारखी. हाताचं काय करायचं ते तिला कळेना. मांडीवर ठेवला, दारावर ठेवला, शेवटी समोरच्या काचेखालच्या फळीवर पालथा ठेवून दिला. एकदा तिने थांबवलं, उतरून गड्ड्यावरून हात फिरवला, परत येऊन बसली. "धड आहे," ती म्हणाली. पुन्हा थांबवलं. पुन्हा धड.

मग खडबडीत रस्ता आला आणि उपट्या अगदी हळू आवाजात म्हणाला, "आला बघ. मोठा आहे. घट्ट धर. झालं, झालं, गेला."

तिने वळून बघितलं. "कुणाशी बोलताय?"

त्याचे कान लाल झाले. "कुणाशी नाही."

"गाडीशी?"

"नाही गं."

"मग?"

त्याने उगाच आरसा सरळ केला. "सवय आहे," तो म्हणाला. "तू मागे असायचीस ना. इथून तुला ऐकू जायचं नाही."

"म्हणजे माझ्याशी?"

त्याने हाताने समोरची काच पुसली.

"रोज?"

"झाड असलं की."

ती सीटवर सरसावून बसली. "काय बोलायचात?"

"काहीही. खड्डा आला, सांभाळ. ऊन चढलं, डोक्यावर काहीतरी घे. पोरीचा फोन आला होता, बरी आहे म्हणाली. कालची भाजी खारट झाली होती."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचो की. इथे."

"आणि मी काय म्हणायचे त्यावर?"

उपट्याने जरा विचार केला. "चांगलं बोलायचीस तू."

"चांगलं म्हणजे कसं?"

"म्हणजे... पटायचं तुला."

"सगळं?"

"बरंचसं."

तिने समोर बघितलं. काचेतून रस्ता येत होता, दोघांकडे एकदमच. "मग ती मी नव्हते," ती म्हणाली. "कुणी दुसरीच बसवली होतीत इथे."

"असेल."

"भाजी खारट नव्हती त्या दिवशी. तुम्ही वरून मीठ घेतलंत, मला आठवतंय."

"घेतलं असेल."

"असेल नाही, घेतलंत. आणि हळू घ्या, वळण आहे पुढे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर हळू का नाही?"

त्याने गाडी हळू केली. मागे तुतीची पानं एका अंगाला कलली आणि पुन्हा सरळ झाली. ती त्याला मिठाबद्दल सांगत होती, मग तिच्या भावाबद्दल, मग सबंध जन्म मागे बसून किती गोष्टी बोलायच्या राहून गेल्या त्याबद्दल, आणि त्यातली एकही गोष्ट त्याला धड पटत नव्हती. वळण संपलं. रस्ता नदीपर्यंत सरळ होता, रिकामा होता. त्याने वेग वाढवला नाही.